तलवार करायला घेतली

आम्ही डी अँड डी खेळतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ. त्यात मी डंजन मास्टर, म्हणजे जग मी उभं करायचं आणि बाकीच्या चौघांनी ते मोडायचं. या वेळी एक खास तलवार करायची असं डोक्यात बसलं. आधी चित्रच काढलं. वीतभर रुंद पातं, कडेला काटे, मुठीवर ड्रॅगनचं तोंड, वरून ज्वाळा. मग सहज वजनाचं बघायला गेलो तर खऱ्या लांब तलवारी साधारण दीड किलोच्या आसपास असायच्या, डी अँड डीतली लाँगसोर्डपण 3 पौंडांचीच आहे, आणि माझं ते प्रकरण लोखंडी फाटक वाटायला लागलं. पात्याच्या मधोमध पन्हळ असते ना, ती रक्त वाहून जायला असते असं मी इतकी वर्षं ठोकून सांगत आलोय, ती असते वजन कमी करायला. असो.

काटे गेले. ड्रॅगनवर जीव होता, तोही गेला.

वार किती जोरात लागला हे खेळात फासे ठरवतात, त्या फाशांवर मात्र दोन रात्री घातल्या. बारा बाजूंचा एक फासा टाकला तर सरासरी 6.5, सहाचे दोन टाकले तर 7, फरक अर्ध्याचा. पण बाराच्या फाशात 1 पडणं आणि 12 पडणं सारखंच, म्हणजे आडदांड गडी, लागला तर लागला, आणि दोन फाशांत 12 यायची शक्यता 36 मध्ये 1, पण 6, 7, 8 येत राहतात, म्हणजे शिकलेला हात. कुऱ्हाडीला बाराचा आणि मोठ्या तलवारीला सहाचे दोन हे ज्याला सुचलं त्याला साष्टांग दंडवत.

मग चार पानी इतिहास लिहिला. राजा, दगाफटका, शाप. मुठीबद्दल एकच ओळ, तीही पान भरायला: परजेजवळ चामडं अंगठ्याने झिजलंय.

इतिहास वाचताना सगळे मोबाईलमध्ये. ज्वाळांवर त्यांनी ओले मोजे वाळवले. मग एकीने विचारलं, "झीज कुठल्या अंगठ्याची?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, डाव्या.

"पण राजाचा डावा अंगठा तर शापात गळून पडला होता, तूच आत्ता वाचलंस."

चार मोबाईल खाली. मी गूढ हसलो. आता ती तलवार कोणाची होती हे मला पुढच्या सेशनच्या आत शोधायचंय.