अख्खे कार्डच का देऊ नये?

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक, उभे केले की त्यातला डेस्कटॉप रखडतो. मग ग्राफिक्स कार्डच त्या मशीनला का देऊन टाकू नये, असे मला वरचेवर विचारले जाते. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुखणे कुठे आहे ते पाहावे. मशीनच्या आत टर्मिनल उघडून 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा द्यावी आणि रेंडररची, म्हणजे चित्रे कोण रंगवतो ते सांगणारी, ओळ वाचावी. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असेल, तर सगळी चित्रे एकटा प्रोसेसर रंगवतो आहे आणि कार्ड स्वस्थ बसले आहे. 'व्हर्जिल', म्हणजे मशीनमधले चित्रकाम बाहेरच्या कार्डाकडे नेणारे सॉफ्टवेअर, असेल, तर काम कार्डापर्यंत पोहोचते आहे.

व्हर्जिलचे काम रेड हॅटच्या डेव्ह एअरली यांनी सुरू केले. गेस्टमधला (आतल्या मशीनमधला) मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हर ओपनजीएलच्या, म्हणजे चित्रे काढायच्या ठरावीक, आज्ञा एका मधल्या रूपात आणतो, त्या व्हर्टआयओ या आतल्या-बाहेरच्या दुव्याच्या रांगेतून होस्टकडे (बाहेरच्या खऱ्या संगणकाकडे) जातात, तिथे त्यांच्यापासून पुन्हा ओपनजीएल घडवले जाते, आणि मग कुठे खरा ड्रायव्हर कामाला लागतो. या दुहेरी रूपांतरात वेळ जातोच. कार्ड सोपवले, म्हणजे पासथ्रू केले, तर वेग जवळजवळ मूळचा मिळतो; पण आयओएमयू (कार्डाला त्या मशीनच्याच मेमरीपुरते बांधणारी हार्डवेअरची सोय) लागते आणि कार्ड होस्टच्या हातून जाते.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. एनव्हिडियाचा जीफोर्स ड्रायव्हर विंडोज गेस्टमध्ये, आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे कळताच 'कोड 43' दाखवून थांबत असे, आणि लोक लिबव्हर्ट या मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एक्सएमएल फाइलमध्ये केव्हीएमची, म्हणजे लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनच्या यंत्रणेची, ओळख लपवत बसत. 2021 मध्ये कंपनीने परवानगी दिली आणि तीच कार्डे बिनबोभाट चालू लागली. व्हर्जिलचा कोड मुक्त असल्याने त्याचा संथपणा निदान कोणालाही हात घालता येईल असा आहे: व्हल्कनच्या (ओपनजीएलनंतरच्या नव्या ग्राफिक्स पद्धतीच्या) आज्ञा फारशा न बदलता पुढे पाठवणारा व्हीनस त्यातूनच आला आणि क्यूईएमयू या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या डिसेंबर 2024 च्या 9.2 आवृत्तीत दाखल झाला. अर्थात कोड मुक्त असला म्हणून सोय कायम राहते असे नाही. इंटेलचे जीव्हीटी-जी, म्हणजे एकच ग्राफिक्स चिप अनेक मशीनमध्ये वाटून देणारे तंत्र, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असूनही कॉमेट लेक पिढीनंतरच्या चिपना त्याचा उपयोग नाही.

विंडोजमधले जड खेळ खेळायचे असतील, तर पासथ्रूच करा. गेस्ट लिनक्स असेल, तर व्हर्ट-मॅनेजरमध्ये (मशीनची मांडणी करायच्या प्रोग्रॅममध्ये) व्हिडिओचे मॉडेल व्हर्टआयओ ठेवा, थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनवर खूण करा आणि स्पाइसमध्ये (मशीनचा पडदा दाखवणाऱ्या भागात) ओपनजीएल सुरू करून 'लिसन टाइप' 'नन' करा.