तारणात पहिले पाऊल कोणाचे?

ख्रिस्ती तारणाचा, म्हणजे पापातून सुटण्याचा, विषय सांगली-साताऱ्याकडे निघाला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "मग त्यासाठी करायचं काय?" उपास किती, प्रार्थना किती वेळा, काय सोडायचे, काय धरायचे. प्रश्न प्रामाणिक असतो. नवस बोलायचा आणि काम झाले की फेडायचा, ही रीत घराघरात आहे, आणि ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) जन्मलेली माणसेही तिच्यातून सुटलेली नाहीत. आजारपणात, निवडणुकीत, मुलाच्या बारावीला त्यांचीही प्रार्थना "एवढं होऊ दे, मी तेवढं करीन" अशीच होते. ख्रिस्ती शिकवणीतला क्रम मात्र नेमका याच्या उलट आहे. तो नीट लावला नाही तर पुढची सगळी शिकवण वाकडी होते, म्हणून त्याच्यावर थोडे थांबून लिहितो.

सगळ्यात आधी देवाची प्रीती. तिच्यामुळे ख्रिस्ताचे देह धारण करणे, वधस्तंभावरचे मरण आणि तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान. नंतर पवित्र आत्मा माणसाच्या अंतःकरणाला जाग आणतो. त्यानंतर पश्चात्ताप आणि विश्वास. मग देव त्या माणसाला नीतिमान ठरवतो आणि लेकरू म्हणून पदरात घेतो. पवित्र होत जाणे, चांगली कामे, सवयी सुटणे हे सगळे त्याच्या पुढचे, आणि ते जन्मभर चालते. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (५:८) सांगतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नव्हे, सुधारायचे ठरवल्यावरही नव्हे. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१०) हेच आणखी उघड आहे: आपण देवावर प्रीती केली असे नाही, त्याने आपल्यावर केली.

इथे पहिली चूक होते ती वधस्तंभाबद्दल. पुष्कळांच्या मनात असे चित्र असते की पिता रागावलेला होता, पुत्र मायाळू होता, आणि पुत्राने मरून पित्याचे मन वळवले. उपदेशातूनही ते कधी कधी नकळत पसरते. ते चूक आहे. पुत्र मेला म्हणून पित्याने प्रीती केली, असे नाही. पित्याची प्रीती होती म्हणून पुत्र दिला गेला. योहान ३:१६ ची सुरुवातच देवाच्या प्रीतीने होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (५:१९) देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असे म्हटले आहे. आणि पुत्रही ओढून आणलेला बळी नाही. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, असे तो स्वतः सांगतो (योहान १०:१८). देणारा आणि दिला जाणारा यांची इच्छा एकच आहे.

मग देवाने नुसतेच "जा, माफ केले" का म्हटले नाही? प्रश्न रास्त आहे. आपल्या भागात कर्जमाफी सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीच्या खात्यावरची रक्कम माफ होते तेव्हा ती हवेत विरत नाही. ती कोणीतरी भरतो, नाहीतर कोणीतरी तेवढा तोटा सोसतो. पापक्षमेतही भार नाहीसा होत नाही, ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच तो उचलतो. रोम ३:२५-२६ चा गाभा हाच आहे: देव न्यायी राहतो आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवतो. हा दाखला इथेच सोडावा, कारण कर्जमाफीला निकष असतात, याद्या लागतात, आणि नियमित फेडणारा मनात कुढतो.

कर्जाचा हिशोब येशूनेही मांडला आहे, मत्तयाच्या १८ व्या अध्यायात. राजाच्या चाकराचे देणे १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर २ लाख वर्षे. आणि तो चाकर काय म्हणतो? "मला सांभाळून घ्या, मी सगळे फेडीन." आकडा मुद्दाम असा अशक्य ठेवला आहे. राजाला त्याची दया येते आणि तो सगळे देणे सोडतो, ते त्याच्या फेडण्याच्या योजनेमुळे नव्हे. बाहेर पडल्यावर हाच चाकर सोबत्याचा गळा धरतो तो १०० दीनारांसाठी, म्हणजे चारेक महिन्यांच्या मजुरीसाठी. ज्याला आपले किती सुटले हे कळले नाही, त्याला दुसऱ्याचे सोडता येत नाही. घराघरातली भांडणे इथे येऊन तपासावीत.

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) सगळ्यांना पाठ असतो आणि त्यामुळेच घाईने वाचला जातो. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे सातबाऱ्यावरच्या नावांसाठी भाऊबंदकी पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. अनुवाद २१:१७ प्रमाणे वडील मुलाला दुप्पट वाटा, म्हणून दोघा भावांत धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश येतो. तो घेऊन तो जातो, उडवतो, डुकरे राखतो, आणि परत येताना बोलायचे वाक्य घोकतो. त्या वाक्याचे तीन भाग आहेत: मी पाप केले, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरांपैकी एकासारखे ठेवा. आता २१ वे वचन काढून पाहा. प्रत्यक्षात दोनच भाग बोलले जातात. मजुरीची गोष्ट निघायच्या आधीच बाप चाकरांना हुकूम सोडतो: उत्तम झगा, बोटात अंगठी, पायात जोडा, पुष्ट वासरू. मुलाची परतफेडीची योजना तिथेच मोडते. कबुली मात्र बापाने पूर्ण ऐकली आहे. क्षमा म्हणजे काही घडलेच नाही असे म्हणणे नव्हे. आणि कबुली ऐकण्याआधीच, मुलगा दूर असतानाच, बाप धावत गेला आहे. गावच्या प्रतिष्ठित म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत धावणे! हा क्रम लूकने अपघाताने लिहिलेला नाही.

थोरला मुलगा दाखल्यात विनाकारण नाही. तो म्हणतो, इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली. घरात राहून त्याने स्वतःला मजूरच मानले होते. वर्षानुवर्षे नियमित उपासनेला येणाऱ्यांनी धाकट्यापेक्षा थोरल्याच्या जागी स्वतःला ठेवून हा अध्याय वाचावा.

"मग कसेही वागले तरी चालते का?" हा आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे, रोम ६:१ मध्ये त्याने तो स्वतःच घेतला आणि ठामपणे नाकारला. उत्तर जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरात दिसते (लूक १९). येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. हिशोबाची अट घालत नाही. त्यानंतर जक्कय आपण होऊन उठतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. आपण होऊन कबूल करणाऱ्याला नियमशास्त्रात (लेवीय ६:५) मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश एवढेच भरावे लागे. प्रीतीने जे घडवले ते कायद्याच्या मागणीच्या कितीतरी पुढे गेले. पण क्रम बघा. चौपट दिले म्हणून येशू घरी आला नाही. कर्मे मुळात नव्हेत, फळात आहेत. इफिस २:८-९ (तारण कृपेने, कर्मांनी नव्हे) नंतर लगेच २:१० (आपण सत्कर्मांसाठी घडवलेले) येते आणि ते वगळून पहिली दोन वचनेच पाठ करवली की शिकवण लंगडी होते.

ही वाट कोणाला खुली आहे, हा पुढचा प्रश्न. जुन्या करारात पडद्याआडच्या, सगळ्यात आतल्या परमपवित्र स्थानात फक्त प्रमुख याजक जाई, तोही वर्षातून एकाच दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला, रक्त घेऊन. येशूच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय आणि मार्क दोघेही लिहितात. फाडणारा हात वरचा. यरुशलेमच्या मंदिरात आणखी एक आडकाठी होती: परराष्ट्रीयांनी (यहुदी नसलेल्यांनी) या कठड्याच्या आत आल्यास मरणाला ते स्वतः जबाबदार, अशी दगडावर कोरलेली सूचना. तसा एक शिलालेख १८७१ मध्ये सापडला. इफिस २:१४ मध्ये ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे वाचताना हा कठडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आणि इथे मंडळीने स्वतःकडे बघायला हवे. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमहून काही जण आल्यावर भिऊन उठला. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला (गलती २:११-१४). नुसत्या जेवणाच्या पंगतीतही पौलाला शुभवर्तमानाचे (ख्रिस्ताच्या सुवार्तेचे) सत्य पणाला लागलेले दिसते. प्रभुभोजनात एका भाकरीतून घ्यायचे आणि सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात विचारायची, हे आपल्याकडे अजून चालते. ही शिष्टाचारातली उणीव नव्हे. पाडलेली भिंत आपण पुन्हा बांधतो आहोत.

बाप्तिस्म्याबद्दल मंडळ्यांत फरक आहेत. कॅथलिक शिकवणीत तो कृपा देणारा संस्कार आहे. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या विश्वास कबूल केलेल्यांनाच तो देतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही रीती मान्य आहेत. साताऱ्यात १९१७ मध्ये कवी ना. वा. टिळकांनी सुरू केलेल्या 'देवाचा दरबार' मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त असावेत, अशी त्यांची कल्पना होती. ती सर्वांना पटली नाही, पण प्रश्न मोलाचा होता. मात्र पहिले पाऊल देवाचेच, यावर एकमत जुने आहे. इ.स. ५२९ च्या, आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या धर्मसभेने विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते असे ठरवले, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक मंडळींनी नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या.

याच कारणाने आमिष दाखवून कोणाला ख्रिस्ताकडे आणणे हे शुभवर्तमानालाच छेद देणारे आहे. मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयासारखी सेवा प्रीतीतून होते. तिची किंमत म्हणून कोणाचा विश्वास मागता येत नाही. फुकट मिळालेले विकत कसे देणार?

ज्यांना हे स्वतः वाचून पाहायचे आहे त्यांनी उत्पत्तीपासून सुरुवात करून लेवीयात अडकून पडू नये. आधी लूक १५ आणि १९, मग योहान ३, मग रोम ३ ते ८ सलग, रोज एक अध्याय, मोठ्याने. त्यानंतर इफिस २ आणि योहानाचे पहिले पत्र ४. "माझं तारण झालं की नाही" या धास्तीने ज्यांची झोप उडते त्यांनी आपल्या भावना तपासत बसण्यापेक्षा रोम ८:३१-३९ उघडावे. तिथे आधार आपल्या पकडीचा नाही, देवाच्या पकडीचा आहे. रोमचा नववा अध्याय पहिल्या वाचनात बहुतेकांना अडतो. तो तसाच ठेवून दहावा वाचावा, आणि आठवा पुन्हा एकदा झाल्यावर नवव्याकडे वळावे.