अस्तराच्या बादलीत पडलेला फोन

अस्तर आधी भिजवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ब्लाउज आटतो आणि गिऱ्हाईक आपल्या नावानं खडे फोडतं. म्हणून माझ्या मशीनशेजारी कायम एक बादली असते. जुलैतल्या त्या सकाळी बादलीत दोन लाल अस्तरं होती, एक राणी कलरचं होतं, आणि साडेदहाच्या सुमारास त्यात माझा फोन गेला.

आवाजसुद्धा झाला नाही. हाताचा धक्का लागला, मला वाटलं स्टुलावरच सरकलाय. मी गळ्याची पट्टी लावत होते, ती पुरी करून मगच वाकले. (हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

फोन साडेसोळा हजारांचा, घेऊन १४ महिने झालेले. वॉरंटी १२ महिन्यांची. सासूबाईंनी फोन पुसला आणि सरळ इंद्रायणीच्या डब्यात पुरला. दुसऱ्या दिवशी मी तो बाहेर काढून चार्जिंगला लावला. कंपनीचं नाव एकदा उजळलं आणि गेलं. त्यानंतर काहीच नाही.

फोटोंचं दुःख वेगळं, पण माझी सगळी मापं त्यात होती. लॉकडाउनमध्ये बायका मापं व्हॉट्सॲपवर पाठवायला लागल्या तेव्हापासून मी वही सोडली. छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, पुढचा-मागचा गळा, सगळं फोनच्या नोट्समध्ये. गूगलची फुकटातली १५ जीबी जागा कधीच भरलेली, त्यामुळे बॅकअप घ्यायचा बंद पडला होता. रोज तसा निरोप यायचा, मी रोज तो बाजूला सारायचे. श्रावण आठवड्यावर आलेला, मंगळागौरीचे नऊ ब्लाउज हातात.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टोकन घेऊन तासभर बसले. मुलानं सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, लिक्विड डॅमेज आहे. आत पांढरा स्टिकर असतो, तो लाल झालाय."

"अहो, तो अस्तराचा रंग असेल. राणी कलर हमखास जातो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे पाण्यात पडला होता."

आता यावर काय बोलणार? त्यानं कीबोर्ड बडवून आकडा काढला. मदरबोर्ड बदलायचा, ११,८०० रुपये, आणि आतला डेटा मिळणार नाही. वर तपासणीचे ३५०. मी दोन महिन्यांनी हुकलेल्या वॉरंटीबद्दल हळहळले, तर म्हणाला, "वॉरंटीत असता तरी पाण्याचं कव्हर नसतंच, मॅडम." दोन दिवस मी त्या दोन महिन्यांसाठी जीव जाळत होते, ते सगळं फुकट.

"बोर्डावर जे बिघडलंय तेवढंच नाही का दुरुस्त होत?"

"आम्ही रिपेअर नाही करत. बोर्ड रिप्लेस करतो."

म्हणजे काखेत उसवलं तर ब्लाउज नवा शिवा. आमच्या धंद्यात असं बोलले तर बायका दुकानात उभ्या राहणार नाहीत.

नणंद म्हणाली १९१५ वर तक्रार कर, ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रार काय करायची, पाण्यात मीच पाडला. तिनंच सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टलही दाखवलं, २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. कंपन्यांची सेवा केंद्रं, वॉरंटीच्या अटी, असं एका जागी बघायला मिळतं. चांगलं आहे. माझी मापं मात्र त्यात मिळणार नव्हती. म्हणून स्वारगेटला मेट्रोत बसले, मंडईला उतरले आणि चालत तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले.

दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर मायक्रोस्कोप, आणि दोन स्टुलं. दादा लातूरकडचे. फोनचं चार्जिंगचं भोक बघूनच म्हणाले, "ताई, तांदळात ठेवला होता ना?" आणि चिमट्यानं आतून पांढरा गोळा काढला. तांदळाची पूड, ओली होऊन लापशी झालेली. "पाण्यानं फोन लगेच मरत नाही. पाणी असताना करंट दिला की मरतो. चार्जिंगला लावला होता?"

मी हो म्हटलं. शाळेत गृहपाठ विसरल्यावर म्हणायचे तसं.

आधीच सांगितलं त्यांनी, पाण्याच्या फोनला गॅरंटी नसते, चालू झाला की पहिल्यांदा डेटा काढून घ्या. मी सिम काढून पर्समध्ये टाकलं आणि स्टुलावर ठाण मांडून बसले. फोन टाकून जायचा नाही, हे नवऱ्यानं बजावलं होतं. बरंच झालं, नाहीतर पुढचं बघायला मिळालं नसतं.

पाठ गरम करून प्लास्टिकच्या पत्तीनं उचकटली. बॅटरी सुटी केली, बोर्ड बाहेर काढला. एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखं धरलेलं. ते आयपीएनं, म्हणजे एका उडून जाणाऱ्या अल्कोहोलनं, ब्रश मारून धुतलं. मग बोर्डाला दोन वायरी जोडल्या. समोरच्या मीटरचा काटा बटण न दाबताच चढला. "शॉर्ट आहे. करंट कुठंतरी फुकट जातोय." कुठं, ते शोधायची तऱ्हा मला फार आवडली. गरम सोल्डरिंगच्या टोकानं रोझिन, म्हणजे राळ, जाळून तो धूर बोर्डावर धरला. बोर्डावर पिठूळ पांढरा थर बसला. पुन्हा करंट दिला. जिथं शॉर्ट तिथं तापतं, तिथला थर वितळतो. मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं: सगळीकडे पांढरं, आणि एकच ठिपका काळा, ओला. खसखशीच्या दाण्याहून बारीक कपॅसिटर, म्हणजे करंट साठवणारा भाग. गरम हवा मारून तो उचलला आणि टिश्यूवर ठेवला. "नवा नाही लावायचा?" "इथं शेजारी अजून चार आहेत, चालतं एकावाचून." काटा शून्यावर आलेला. ११,८०० रुपयांचं दुखणं टिश्यूवर पडलं होतं आणि मी शिंकले असते तर उडून गेलं असतं.

चार्जिंगची खालची पट्टी गंजली होती, ती बदलली. "कॉपी आहे, ओरिजनल नाही मिळणार," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. फोन चालू झाला. एकूण १,८०० म्हणाले.

आणि मी म्हटलं, "एवढंसं तर काढलंत."

तोंडातून गेलं आणि कानाला ओळखीचं वाटलं. "एवढंसं तर उसवायचंय," हे मी आठवड्यातून चारदा ऐकते आणि मनातल्या मनात त्या बाईला कात्री दाखवते. तरीपण १,६०० च दिले. सवय आहे.

रात्री मापं वहीत उतरवली, पाच वर्षांची, दोन बसण्यांत. कॅमेऱ्याच्या काचेआड अजून धुकं आहे, फोटोत सगळं गाव महाबळेश्वर दिसतं. बाकी फोन चालतोय.

नऊही ब्लाउज वेळेत गेले. पहिला गेला तो पहिल्याच मंगळागौरीच्या नव्या नवरीचा. डिसेंबरात लग्नाचे ब्लाउज मीच शिवले होते, त्यामुळे तिचं माप सगळ्यात आधी फोनमधून काढलं होतं. सोमवारी संध्याकाळी ती दारात. काखेत घट्ट होतोय म्हणे, सात महिन्यांत सासरचं जेवण मानवलंय. शिलाईत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवलेला होताच. उसवून दिला. पैसे विचारले, तर म्हणाली, "काकू, एवढंसं तर आहे."