गुडघा तपासला, खुबा राहिला

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत नव्याने धावायला लागलेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा चारांपैकी एक असते: गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणे, नडगीची आतली कड हुळहुळणे, टाचेवरची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सकाळी आखडणे किंवा पहिले पाऊल टाकताना टाच ठणकणे. अशी दुखणी वर्षानुवर्षे पाहिली, की रुग्ण दारातून आत येतानाच निदान मनात तयार होऊ लागते. ज्या प्रसंगाबद्दल मी लिहीत आहे त्यात हेच घडले, आणि तो प्रसंग होऊन अनेक महिने उलटले तरी त्या पहिल्या दिवसाची नोंद मी अधूनमधून काढून वाचते.

त्या बाई 44 वर्षांच्या होत्या, काम बैठे होते आणि धावायला लागून अकरा आठवडे झाले होते. उजव्या गुडघ्याच्या पुढच्या व आतल्या बाजूला दुखत होते आणि जिना चढताना ते वाढत होते. त्यांच्या हातात गुडघ्याचा एक्स-रे होता आणि त्यासोबतच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या: झीज सुरू झाली आहे, धावणे कायमचे बंद. अशा चिठ्ठ्या वाचून मला दरवेळी संताप येतो. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसते आणि त्यांना काडीचाही त्रास नसतो. शिवाय धावल्याने गुडघे झिजतात हा समज आकडेवारीत टिकत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात खुब्याच्या व गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण हौसेने धावणाऱ्यांत 3.5 टक्के, अजिबात न धावणाऱ्यांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत 13.3 टक्के आढळले होते. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ती दाबली जाते आणि सुटते, तेव्हाच सांध्यातील द्रव तिच्यात आतबाहेर होतो व तिचे पोषण होते. हे सगळे मी त्यांना तळमळीने समजावून सांगितले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती उतरलेली पाहून मला समाधानही वाटले.

आज वाटते, की तळमळीने सांगण्याच्या त्या भरातच माझी चूक झाली. ती चिठ्ठी चुकीची आहे हे सिद्ध करण्याच्या नादात, दुखणे गुडघ्याचेच आहे हे चिठ्ठीतले गृहीतक मात्र मी विनातपासणी स्वीकारले. त्यांना एका पायरीवरून हळूहळू खाली उतरायला लावले तेव्हा गुडघा आत कलत होता, मांडीच्या पुढच्या स्नायूंत जोर कमी होता आणि धावतानाची पावले मिनिटाला 156 पडत होती. सगळे चित्र वाटीच्या दुखण्याशी जुळत होते. वाटीच्या कडा दाबून पाहिल्या तेव्हा कुठेही दुखले नाही, आणि 'दाबून दुखत नाही' असे मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. ते लिहितानाच माझा हात थांबायला हवा होता. मी पावलांची गती मिनिटाला 166 पर्यंत वाढवायला सांगितले, कारण पावले थोडी आखूड व जलद झाली, की तोच वेग राखूनही गुडघ्यावरचा भार कमी होतो. धावणे निम्मे करायला सांगितले, बैठका व पायरीचे व्यायाम दिले आणि दहा दिवसांनी बोलावले. खुबा मी हातात घेऊन फिरवून पाहिला नाही. आमच्या तपासणीच्या कागदावर सर्वांत वर 'दुखणारा भाग' असा रकाना आहे आणि एका रुग्णासाठी वीस मिनिटे मिळतात. ही सबब नाही, पण त्या कागदाने किती फिजिओथेरपिस्टांची नजर एका सांध्यात अडकवून ठेवली असेल, याचा विचार तो छापणाऱ्यांनी करायला हवा.

दहा दिवसांनी त्या आल्या तेव्हा त्यांची चाल बदलली होती. उजव्या पायावर भार येताच तो झटकन सोडून दिला जात होता. "मॅडम, गुडघ्याचं तसंच आहे, पण आता रात्री कूस बदलताना मांडीतही ठसठसतं," त्या म्हणाल्या. हाडाचे दुखणे आधी धावताना येते आणि थांबल्यावर जाते, मग चालतानाही येते आणि शेवटी झोपेत येते, हा क्रम आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवलेला असतो. मी त्यांना उताणे झोपवले, खुबा व गुडघा काटकोनात वाकवला आणि मांडी हळूच आतल्या बाजूला फिरवली. डावी मांडी जितकी फिरत होती त्याच्या निम्म्यावर येतानाच त्यांनी जांघेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हेच, हेच ते, आणि इथून गुडघ्यात जातंय." खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याच्या आतल्या भागाला एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, म्हणून खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते. हे मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे.

एका पायावर उडी मारून पाहण्याची चाचणी मी त्या दिवशी मुद्दाम टाळली, आणि त्या प्रकरणात मी केलेली ही पहिली योग्य गोष्ट होती. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे गोल डोके आणि सरळ दांडा यांना जोडणारा तिरका भाग, तिथे वारंवारच्या भाराने सूक्ष्म भेग पडली असेल, तर एक चुकीची उडी ती भेग आरपार नेऊ शकते. भेग आरपार जाऊन हाड सरकले, तर डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. मी त्यांना जमिनीवर पाऊल टेकवू दिले नाही, चाकांची खुर्ची व कुबड्या मागवल्या आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ दिसला आणि दोन आठवड्यांनी या असे सांगितले. अशा भेगा सुरुवातीला एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाहीत. मी फोन करून एमआरआयचा आग्रह धरला. ते थोडे नाखूष झाले, पण त्यांनी तो लिहून दिला याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. संध्याकाळी अहवाल आला: मानेच्या खालच्या, आतल्या बाजूला भेग, रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. खालच्या बाजूवर दाब येतो, त्यामुळे तिथली लहान भेग पायावरचा भार काढल्यास शस्त्रक्रियेविना भरून येऊ शकते. तीच वरच्या बाजूला, जिथे हाड ताणले जाते तिथे असती, तर बहुधा स्क्रू बसवावे लागले असते.

त्यानंतर मी त्यांच्याशी तासभर बोलले. हे बोलणे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. "मी तर दहा टक्क्यांचा नियम पाळला होता," त्या कळवळून म्हणाल्या. आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही, असा तो नियम, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. आठवड्याला 18 किलोमीटर होत होते, ते 19 झाले होते. मात्र आधी सहा-सहाच्या तीन फेऱ्या होत्या आणि त्या आठवड्यात एक 11 ची व दोन चार-चारच्या झाल्या. आठवड्याची बेरीज जपली गेली, पण एका दिवसाची उडी जवळजवळ दुप्पट झाली. नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्याला दहा टक्क्यांची सावकाश वाढ करणाऱ्यांना आणि नेहमीच्या कार्यक्रमाने धावणाऱ्यांना सारख्याच, म्हणजे साधारण पाचांत एक इतक्या, दुखापती झाल्या होत्या. 2025 साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवर आधारित अभ्यासात, मागच्या महिनाभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून अधिक लांब झाली, की दुखापतीचा धोका वाढताना दिसला. म्हणून मी आता बेरीज नंतर विचारते आणि सर्वांत लांब धाव आधी विचारते. बूट कोणते घेऊ, हा प्रश्न मात्र मला प्रत्येक जण विचारतो.

भेग का पडली याचे हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर माझ्यासाठी अधिक अवघड होते. तीन महिन्यांत त्यांचे वजन आठ किलो उतरले होते, कारण धावणे वाढवताना त्यांनी खाणे कमी केले होते, आणि दोन महिने पाळी आली नव्हती. वयामुळे असेल असे त्यांना वाटले होते, आणि मी विचारलेच नव्हते. खर्चापेक्षा खाणे सतत कमी पडले, की शरीर आधी पाळीची आणि हाडाची काटकसर करते. हाडाचा हिशेब आधीच सावकाशीचा असतो. नव्या भाराला उत्तर देताना जुने हाड पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तो खळगा भरायला सुमारे तीन महिने. दम मात्र काही आठवड्यांतच वाढतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणसाला आपण कितीही धावू शकू असे वाटते, आणि नेमके तेव्हाच त्याचे हाड कमकुवत असू शकते. त्यांच्या बाबतीत त्या काळात खळगा भरायला लागणारी सामग्रीही कमी पडली.

सहा आठवडे कुबड्या, आहारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या भेटी आणि मग जोर परत आणण्याचे काम. त्यात मी सर्वाधिक वेळ पोटरीला दिला, कारण धावताना पोटरीच्या आतल्या, खोल स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहापटींहून अधिक भार येतो आणि लोक व्यायाम करतात ते मांडीचे. एका पायावर टाच उचलण्याचे 25 फेरे सलग होईपर्यंत मी धावायला परवानगी दिली नाही. कंडरेच्या दुखण्यात दहापैकी तीनपर्यंत दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवळले तर चालवून घेते, पण या हाडाबाबत मी सहनशीलता शून्य ठेवली: जांघेत किंचित जरी जाणवले, तरी थांबायचे.

पाचव्या महिन्यात त्यांनी माझ्यासमोर पुन्हा धावायला सुरुवात केली: एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल, असे दहा फेरे, एक दिवसाआड. तिसऱ्या फेरीनंतर चालताना त्यांनी विचारले, "मॅडम, पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर कुबड्या टळल्या असत्या का?" मी त्यांना सांगितले, की भेग बहुधा तेव्हाही असणार, त्यामुळे कुबड्या टळल्या नसत्या, परंतु माझ्या सांगण्यावरून भेगेवर दहा दिवस काढलेल्या बैठका आणि तेवढ्या दिवसांचे धावणे टळले असते. त्यांनी ते ऐकून घेतले, घड्याळाकडे पाहिले आणि चौथ्या मिनिटासाठी धावायला लागल्या.