जेलवर दिसलं, ते बांधीत उगवलं

कोणतं झाड तगतं हे पाहायला भाताला कडा करपा हा जिवाणूंचा रोग मुद्दाम लावायचा तर आम्ही कात्री वापरतो. जिवाणू मिसळलेल्या पाण्यात ती बुडवून पानांची टोकं छाटली की रोग थेट शिरांत उतरतो. मग चौदा दिवस थांबायचं आणि पान टोकापासून किती खाली वाळलं ते पट्टीने मोजायचं. हैदराबादला राजेंद्रनगरच्या प्रक्षेत्रावर त्या सकाळी असंच मोजमाप होतं, आणि मला सगळ्यात आधी एकाच झाडाची संतती बघायची होती.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे चालणाऱ्या एका बारीक धानात आम्ही रोगप्रतिकारक जनुकं आणत होतो. दाता होता सुधारित सांबा मसुरी. २००८ साली प्रसारित झालेल्या या वाणात एक्सए २१, एक्सए १३ आणि एक्सए ५ अशी तीन जनुकं एकत्र आहेत. त्यातलं एक्सए २१ मूळचं आफ्रिकेतल्या रानभाताचं. ते प्रभावी, म्हणजे एक प्रत आली तरी झाड तगून दाखवतं. बाकीची दोन अप्रभावी, एका प्रतीने त्यांचं काम भागत नाही. पुनर्संकराच्या, म्हणजे संकरित झाडाचा आपल्या धानाशी पुन्हा केलेल्या संकराच्या, ज्या ओळीत एकटं एक्सए १३ उतरलं होतं, तिथली सगळी झाडं गेल्या हंगामात सारखीच करपली होती. वीतवीतभर पान वाळलेलं. शेतावरच्या अक्कांनी विचारलंही, "मॅडम, ये सब निकाल दूँ?" डोळ्यांना ती सगळी टाकाऊच दिसत होती. पण पानांच्या डीएनएची चाचणी केली तेव्हा जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या पातळ थरावर, निम्म्या झाडांत एक्सए १३ ची खूण होती. त्यांपैकी एकाचं बी आम्ही राखलं.

जनुक असूनही झाड का करपतं, यातली गंमत मला आजही भारावून टाकते. हा जिवाणू भाताच्या पेशीत स्वतःचं एक प्रथिन सोडतो. ते भाताच्या साखर बाहेर सोडणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर जाऊन बसतं आणि ते जनुक चालू करतं. पेशीतली साखर बाहेर येते, जिवाणू त्यावर पोसतो. एक्सए १३ हे त्याच जनुकाचं वेगळं रूप. त्यातली प्रथिनाने बसायची जागाच बदललेली आहे, त्यामुळे जिवाणूला ते चालू करता येत नाही. पण घराला दोन दारं असतील आणि एकाचंच कुलूप बदललं, तर चोर दुसऱ्याने येणारच. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच झाड वाचतं, आणि आमच्या पुनर्संकराच्या झाडांत एकच होती.

म्हणून त्या झाडाच्या स्वपरागीकरणातून आलेल्या रोपांवर माझी सगळी भिस्त होती. बांधीत उतरले. पहिली तीन झाडं पिवळी, कडा लाटेसारख्या वाळत गेलेल्या, सकाळच्या दवात पानांवर जिवाणूंचे दुधाळ थेंब. चौथं हिरवं. छाटलेल्या टोकाखाली जेमतेम पेरभर वाळलेलं आणि पुढे पान सरळ, ताठ. मी पट्टी दोनदा लावली. पुढे आणखी एक तसंच, मग मधे सलग पिवळी, मग पुन्हा हिरवं. ओळ संपेपर्यंत साधारण चौथाई झाडं अशी, दोन्ही प्रती मिळालेली निघाली, मेंडेलच्या हिशेबाला धरून. अक्का खुंट्यांना लाल दोरे बांधत माझ्यामागून येत होत्या. मागच्या वर्षी उपटायला निघालेल्या झाडाचीच ही लेकरं, हे सांगितल्यावर त्या परत जाऊन प्रत्येक पान हाताने बघून आल्या.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मंग आपल्या बांधीत कवा लावाचं?"

इतक्यात नाही, म्हटलं. एकट्या जनुकावर मी कुणाला बी देणार नाही. जिवाणूही बदलतो, एकट्या एक्सए २१ ला न जुमानणारे प्रकार सापडलेले आहेत. पुढच्या हंगामात ही लाल दोऱ्याची झाडं एक्सए २१ आणि एक्सए ५ असलेल्या भावंडांशी संकरित करायची आहेत. मग पुन्हा जेल, पुन्हा कात्री. दाणा आपल्याकडच्या धानासारखाच बारीक राहतो का, भात मोकळा शिजतो का, तेही बघावं लागेल. बाबा म्हणाले, "शिजवून पाहाले माह्याकडं पाठव."