कृतीदेवमधला कुलवृत्तांत युनिकोडमध्ये आणताना : माझा अनुभव

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९९९ साली छापला होता, त्याची दुसरी आवृत्ती काढायचं मंडळात ठरलं आणि काकांनी जुन्या फाइल्सची सीडी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "अगं यात फक्त नवी पिढी घालायची, बाकी सगळं तयारच आहे." तयार होतं हे खरंच, पण कशात तयार होतं ते सीडी उघडल्यावर कळलं. बहुतेक प्रकरणं वर्ड ९७ च्या डॉक फाइल्स, फॉन्ट कृतीदेव. दोन प्रकरणं वेगळ्या टायपिस्टने केलेली, ती श्रीलिपीत. आणि प्रस्तावना त्याहून जुनी, वर्ड ९५ ची, ती तर नवीन वर्डने उघडायलाच नकार दिला. (तो नकार ट्रस्ट सेंटरमधल्या फाइल ब्लॉक सेटिंगमुळे येतो, तिथे जाऊन परवानगी देता येते, पण मी सरळ लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून डॉक्स म्हणून, म्हणजे वर्डच्या नव्या फाइल-प्रकारात, सेव्ह केली, काम झालं.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कृतीदेव, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे जुने फॉन्ट, या सगळ्यांत फाइलीच्या आत मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. 'कविता' हा शब्द कृतीदेवच्या फाइलीत डी-एफ-ओ-आर-के असा साठवलेला असतो. छोटा डी म्हणजे क, कॅपिटल डी म्हणजे अर्धा क्. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी म्हणून ती टाइप पण आधी होते, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे ज्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो तिच्यात, बरोबर उलटं, वेलांटी व्यंजनानंतर साठवतात आणि रफाराचा र् आधी. म्हणजे नुसतं एका अक्षराच्या जागी दुसरं टाकून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. आणि प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा, त्यामुळे कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही.

सगळ्यात आधी एक काम केलं ज्याचा पुढे रोज उपयोग झाला. कृतीदेव फॉन्ट मशीनवर टाकला, प्रत्येक फाइल जशी आहे तशी उघडली आणि तिची पीडीएफ करून ठेवली. ही पीडीएफ म्हणजे मूळ पान कसं दिसत होतं त्याचा पुरावा, कुठलं नाव ठळक होतं, कुठे तळटीप होती, कुठे ओळ आत घेतलेली होती, नंतर आठवणीवर विसंबून चालत नाही. मूळ डॉक फाइल्स वेगळ्या फोल्डरला रीड-ओन्ली करून ठेवल्या, त्यांना परत हात लावायचा नाही.

आता कन्व्हर्जन. ज्याला विचाराल तो सांगतो की ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत फुकट, कॉपी करा, पेस्ट करा, मराठी घ्या. बरोबर आहे, मजकूर निघतो आणि बराच चांगला निघतो. पण फक्त मजकूर. कुलवृत्तांतात सगळा जीव फॉरमॅटिंगमध्ये असतो हो, व्यक्तीचं नाव ठळक, पत्नीचं माहेरचं नाव कंसात तिरपं, प्रत्येक पिढी अर्धा इंच आत, खाली तळटिपा, आणि मधे मधे टेबलं, ते सगळं गेलं की उरतं ते एक लांबलचक पुराण. शिवाय मधे जे खरं इंग्रजी होतं, डिग्र्या, परदेशातले पत्ते, कंपन्यांची नावं, ते टाइम्स न्यू रोमनमध्ये होतं, कन्व्हर्टरला फॉन्ट दिसत नाही म्हणून त्याने त्याचंही 'मराठी' करून टाकलं. न्यू जर्सीचा पत्ता असा काही झाला की वाचून काका पाच मिनिटं हसत होते.

म्हणजे असा मार्ग हवा होता जो फाइलीच्या आत जाऊन फक्त कृतीदेवमधला मजकूर बदलेल आणि बाकी कशाला हात लावणार नाही. भाचा पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहितो, त्याला बसवला. डॉक्स फाइल म्हणजे खरं तर झिप असते, तिचं एक्स्टेन्शन बदलून उघडली की आत एक्सएमएल फाइल्स दिसतात, मजकूर रन नावाच्या तुकड्यांत असतो आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा फॉन्ट, ठळकपणा, साइज चिकटलेलं असतं. भाचा म्हणाला, "मावशी सोपं आहे, फॉन्ट कृतीदेव असेल तो रन बदलायचा बाकी सोडायचे." सोपं नव्हतं.

पहिली अडचण, बऱ्याच रनना फॉन्टच लिहिलेला नव्हता, कारण टायपिस्टने नॉर्मल स्टाइललाच कृतीदेव लावून ठेवला होता (शहाणा माणूस, बाकीच्यांनी ओळ न् ओळ सिलेक्ट करून लावला होता). मग स्टाइलमध्ये जाऊन बघायचं. दुसरी अडचण जास्त त्रासाची, वर्ड एका शब्दाचे मधेच दोन तुकडे करतो. स्पेलचेक चालू असला तर कृतीदेवचा मजकूर त्याला चुकीचं इंग्रजी वाटतो, सगळीकडे लाल नागमोडी रेघा, आणि सेव्ह करताना त्या चुकांच्या खुणा तो रनच्या मधे लिहून ठेवतो. त्यात शब्दाच्या पोटातच कुणी एखादं अक्षर नंतर दुरुस्त केलेलं असतं, तोही वेगळा तुकडा. मग वेलांटी एका तुकड्यात आणि तिचं व्यंजन पुढच्या तुकड्यात, क्रम फिरवायला गेलं की वेलांटी लोंबकळत राहते. उपाय असा की डॉक्स म्हणून सेव्ह करायच्या आधी स्पेलिंग-ग्रामर तपासणी बंद करायची, आणि स्क्रिप्टने (भाच्याच्या छोट्या प्रोग्रॅमने) आधी शेजारचे सारख्या फॉरमॅटचे तुकडे जोडून घ्यायचे, मगच बदलायचं. हे केल्यावर एकदम फरक पडला.

भाच्याने वापरलेली पायथॉनची लायब्ररी (तयार कोडचा संच) तळटिपा आणि टेक्स्टबॉक्सना हात लावत नव्हती, त्या वेगळ्या ठिकाणी असतात. तळटिपांची वेगळी एक्सएमएल फाइल आहे, तिच्यावर तेच परत चालवलं. काही राहिलंय का बघायला वर्डच्या फाइंडमध्ये मजकूर रिकामा ठेवून फॉरमॅटमध्ये फक्त कृतीदेव फॉन्ट निवडायचा, जिथे जिथे उरलाय तिथे घेऊन जातो. ही युक्ती लक्षात ठेवा. आणि हो, जुन्याच फाइलीत काही दुरुस्ती करणार असाल तर आधी ऑटोकरेक्टमधलं वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं आणि स्मार्ट कोट्स बंद करा. कृतीदेवमध्ये साधं एकेरी अवतरण म्हणजे अर्धा श् आणि दुहेरी म्हणजे अर्धा ष्, वर्डने ते गोल केलं की श जातो आणि तिथे खरंच अवतरणचिन्ह येतं. फाइंडमध्ये मॅच केस चालू ठेवायचं हे वेगळं सांगायला नको.

एवढं करून पहिलं प्रकरण उघडलं तर मराठी अगदी स्वच्छ, आणि ठळकपणा सगळा गायब, साइज सगळीकडे एकच. भाचा म्हणे फाइलीत तर बोल्ड लिहिलेलं दिसतंय. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला म्हणून नीट सांगते. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट (इथे स्क्रिप्ट म्हणजे लिपी) धरतो, आणि तिच्यासाठी फॉन्ट, साइज, बोल्ड, इटॅलिक हे सगळं वेगळं ठेवतो. जुनी फाइल इंग्रजी समजून केलेली, त्यामुळे बोल्ड होता तो इंग्रजीच्या खात्यात. मजकूर देवनागरी झाला की वर्ड दुसरं खातं बघतो आणि ते रिकामं. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रनची साइज, बोल्ड, इटॅलिक त्या दुसऱ्या खात्यात पण कॉपी करायची सोय केली आणि नावं परत ठळक झाली. हाताने करायचं असेल तर फॉन्टच्या डायलॉगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा कप्पा असतो, पण ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडल्याशिवाय तो दिसतच नाही, त्यामुळे लोकांना पत्ताच लागत नाही. लिबरऑफिसमध्ये त्याच गोष्टीला सीटीएल म्हणतात, तिथेही भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं.

साइजचा अजून एक घोळ. कृतीदेवची अक्षरं मुळात बारीक असतात, म्हणून लोक १६ घेऊन टाइप करायचे, तोच आकडा युनिकोड फॉन्टला दिला की बालवाडीचं पुस्तक. सोळाचे बारा केले. आणि ओळींमधलं अंतर जिथे 'एक्झॅक्टली' करून ठेवलेलं होतं तिथे वरच्या मात्रा आणि रफार छाटले जात होते, ते सगळं 'मल्टिपल' वर नेलं.

फॉन्टवरून घरात दोन मतं झाली. मंगलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, काकांना ते अजिबात चालेना. तिरो देवनागरी मराठी छान पुस्तकी आहे, आपला पाकळीचा ल, देठाचा श, पण त्यात ठळक वजनच नाही, वर्ड मग नुसतं अक्षर फुगवून दाखवतो. शेवटी मजकूर तिरोमध्ये आणि नावं मुक्ता फॉन्टच्या बोल्डमध्ये. त्यासाठी फाइंडने सगळा बोल्ड शोधून त्याला एक कॅरॅक्टर स्टाइल लावली, आता फॉन्ट बदलायचा तर एका जागी बदलला की झालं.

मजकुराच्या तपासणीत सगळ्यात छळलं ते ऱ्य ने. आमच्या कन्व्हर्टरमधून 'दुसऱ्या' बाहेर पडायचं ते 'दुसर्या' होऊन, 'शेतकऱ्यांना' चं 'शेतकर्यांना'. सरसकट बदलता येत नाही, सूर्य, कार्य, पर्याय यांचा रफार खरा आहे, आणि आमच्या घराण्यात एक आचार्य होऊन गेले, त्यांना एका क्लिकमध्ये 'आचाऱ्यांनी' करणं बरं दिसलं नसतं. मग फाइलीतले रफारयुक्त य असलेले सगळे शब्द स्क्रिप्टने एका यादीत काढले, एकेका शब्दापुढे हो-नाही लिहिलं आणि त्या यादीवरून बदलले. ॲ चं पण बघावं लागतं, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीच्या सवयीने बनवलेले कन्व्हर्टर अ वर चंद्र ठेवून देतात, दिसतं जवळपास सारखंच पण सर्च केलं तर सापडत नाही.

श्रीलिपीतल्या दोन प्रकरणांच्या वाटेला गेलेच नाही. तो फॉन्ट आमच्याकडे नव्हता, म्हणजे मूळ पानही बघता येत नव्हतं. पहिल्या आवृत्तीचं छापील पुस्तक होतं, त्याची पानं स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर टाकली आणि गुगल डॉक्समध्ये उघडली, मजकूर युनिकोडमध्येच वाचून देतो. फॉरमॅटिंग अर्थातच हाताने परत, पण तोवर स्टाइल्स तयार होत्या म्हणून पटापट झालं. थोडीच पानं असतील तर माझं मत हेच, कन्व्हर्टर शोधत बसू नका.

वंशवेल हा सगळ्यात अवघड भाग, त्याला सॉफ्टवेअर बिचारं काय करणार. जुन्या टायपिस्टने नावं स्पेसबार दाबून दाबून जागेवर नेलेली आणि वरून ड्रॉइंगच्या रेघा मारलेल्या. नवीन फॉन्टमध्ये स्पेसची रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी, त्यामुळे नावं एकीकडे सरकली आणि रेघा दुसरीकडे, पणजोबांची रेघ भलत्याच्याच डोक्यावर. हे वाचवायच्या नादाला लागू नका असं मी स्पष्टच सांगेन. स्पेसने केलेली रचना फाइलीला रचना म्हणून माहीतच नसते, ती त्या एका फॉन्टपुरती, त्या एका साइजपुरती उभी असते. मी प्रत्येक शाखेची वंशवेल क्रमांक देऊन मल्टिलेव्हल यादीत लिहिली, काकांना झाडच हवं होतं, बरीच वादावादी झाली, मग मोठं झाड वेगळं काढून पुस्तकाच्या शेवटी घडीचा तक्ता म्हणून जोडायचं ठरलं.

मागची नामसूची पानाच्या आकड्यांसकट हाताने टाइप केलेली होती, ती पूर्ण बाद. आता नावांना इंडेक्सच्या खुणा केल्या आहेत, पानं हलली की अपडेट दाबायचं.

शेवटची अडचण छापखान्यात आली. आम्ही डॉक्स दिली तर म्हणाले श्रीलिपीत करून द्या, आमच्याकडे मॅटर श्रीलिपीतच घेतात. म्हणजे परत मागे! मी फॉन्ट आत एम्बेड केलेली पीडीएफ दिली आणि त्यावरूनच छापा म्हटलं. त्यांना इनडिझाइनमध्येच (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) घ्यायचं असेल तर तिथे ॲडोबी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात, हेही लिहून दिलं. नमुन्याची पानं आली आहेत, त्यात आचार्य आचार्यच आहेत. मंडळाच्या लोकांना मात्र पीडीएफसोबत डॉक्स पण पाठवतेय, कारण पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की बऱ्याचदा अक्षरं विस्कटतात, आणि पुढच्या आवृत्तीला कुणीतरी तेच करायला बसेल.