तुम्ही विचारलंत म्हणून: जुना फ्लॅट घेऊन, नीट करून विकण्यात किती सुटतं?

"जुना टू बीएचके स्वस्तात घेतला, पाच लाख घालून नवा केला आणि सहा महिन्यांत विकला, तर किती सुटतील?" हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. विचारणाऱ्यांनी बहुतेक अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. तिथलं तिथे राहू दे, आपण पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला फ्लॅट धरून हिशोब मांडू.

सौदा 60 लाखांना ठरला. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30 हजार. एजंटची दलाली 1 टक्का धरली तर 60 हजार, सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम 25 हजार. 45 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी आठ महिने वापरलं तर नुसतं व्याज 2 लाख 70 हजार. आठ महिने म्हटलं, कारण काम तीन महिन्यांत उरकलं तरी गिऱ्हाईक मिळणं, त्याच्या बँकेची तपासणी आणि सोसायटीची एनओसी यांत बाकीचे महिने जातात. मेंटेनन्स महिना 3 हजार, म्हणजे 24 हजार. दुरुस्ती 5 लाख आणि विकतानाची दलाली 74 हजार. बेरीज 74 लाखांच्या थोडी वर जाते. म्हणजे 60 चा फ्लॅट 74 ला विकलात तर हातात शून्य. त्याच्या वर जे सुटेल ते 24 महिन्यांच्या आत विकल्यामुळे अल्पमुदतीचा नफा ठरतं आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. असे व्यवहार वरचेवर केलेत तर आयकर खातं त्याला धंद्याचं उत्पन्न म्हणू शकतं. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली तर मुद्रांकात 1 टक्का वाचतो, पण नफा कुणाच्या हिशोबात धरायचा हे आधी सीएला विचारा, कारण पैसे तुमचे असतील तर कर तुमच्याच माथी येतो.

तेव्हा जे काही सुटायचं ते खरेदीच्या भावात सुटतं, मॉड्युलर किचनमध्ये नाही. पण तिथेही एक खाच आहे. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या दरानं येणारी किंमत करारातल्या रकमेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर फरक विकणाऱ्याच्या नफ्यात धरतात आणि तुमच्याही उत्पन्नात. मुद्रांक तर रेकनरवरच भरावा लागतो. म्हणून टोकन देण्याआधी त्या गटाचा चालू दर पाहून घ्या.

फ्लॅट स्वस्त का मिळतोय, हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारायलाही लाजू नका. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसलेला फ्लॅट कितीही स्वस्त असला तरी सोडा. पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज मिळायची मारामार होते आणि तुम्हाला रोकडवाला शोधत बसावं लागतं. मूळ मालक वारलेले असतील आणि विकायला नॉमिनी आला असेल तर थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर सगळ्यांच्या सह्या करारावर हव्यात. बिल्डरपासून आजवरचे सगळे करार साखळीनं मागा. मधला एखादा कमी मुद्रांकावर झाला असेल तर तो दंडासकट भरून घेण्याचं काम विकणाऱ्याकडे ठेवा. कागद गबाळे आहेत पण सरळ होऊ शकतात, अशा फ्लॅटमध्येच खरी सूट मिळते. ते सरळ करायला लागणारा वेळ मात्र वरच्या व्याजात मिळवा. टोकन चेकनंच द्या आणि पावतीवर लिहून घ्या, की वकिलाच्या तपासणीत अडचण निघाली तर रक्कम परत.

फ्लॅट बघायला गेलात की हॉलमध्ये रेंगाळू नका. बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून जे कपाट असतं, त्याच्या मागे हात घाला. ओल, पांढरा क्षार, फुगलेला रंग तिथेच सापडतो. नाण्यानं टाइल वाजवा, पोकळ आवाज आला की खालचा माल सुटलाय. सगळे नळ एकदम सोडून नहाणी ट्रॅप (जमिनीतली सांडपाण्याची जाळी) किती वेळात पाणी ओढतो ते पाहा. मग खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. त्यांचं छत गळत असेल तर ते तुम्हाला मालकापेक्षा जास्त प्रामाणिकपणे सांगतील, आणि बरंच काही न विचारताही सांगतील! छताच्या गिलाव्याला तडे आणि गंजाचे डाग दिसले तर प्रश्न इमारतीचा आहे. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागा. 30 वर्षांपुढच्या इमारतीला सोसायटीच्या उपविधीप्रमाणे दर तीन वर्षांनी ते करावं लागतं. सळया गंजल्या असतील तर दुरुस्तीची वर्गणी तुमच्याच मालकीच्या काळात निघायची. आणि वरच्या घरातून येणारी गळती वरच्यांनी काम काढल्याशिवाय थांबत नाही, हे गृहीत धरूनच भाव बोला.

पाच लाखांतला मोठा वाटा बाथरूम आणि वायरिंगला द्या. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) टाका. फरशी उखडलीत की वॉटरप्रूफिंग करून ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घाला आणि टाइल बसवण्याआधी निदान 24 तास पाणी भरून ठेवा. गवंडी इथे घाई करतो, कारण दुसऱ्या साइटवर त्याची वाट पाहत असतात. वायर दिव्यांना 1.5, प्लगना 2.5, गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटर, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. टाइल मोजमापापेक्षा 10 टक्के जास्त आणा, नंतर तीच छटा मिळत नाही. ओली भिंत सुकल्याशिवाय पुट्टी लावू नका, एका पावसाळ्यात पोपडे येतात. स्वयंपाकघर मोकळं करायला भिंत पाडण्याआधी इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. राडारोडा उचलण्याचे पैसे ठेकेदाराच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या, सोसायटीशी निम्मी भांडणं त्यावरून होतात.

खोटं छत, रंगीबेरंगी दिवे आणि वॉलपेपर यांवर खर्च करू नका. घेणारा आपल्या आवडीचं नंतर करतोच.

बिलं जपा आणि पैसे बँकेतूनच द्या, कारण सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करायचा तर पुरावा लागतो. टाइलखाली जाणाऱ्या पाइपांचे आणि वायरिंगचे फोटो भिंत बुजवण्याआधी काढा, शेजारी टेप धरून. विक्रीच्या फाइलीत शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी उतारा) आणि ऑडिटच्या प्रतीसोबत ते ठेवलेत, तर "बाथरूम गळत नाही ना?" या प्रश्नावर भाव पाडून मागणाऱ्याला दाखवायला काहीतरी असतं.